शिकार शिकायची तर आधी गुरू शोधा! अमेरिकेतले नवखे शिकारी हे कसं जमवतात?

नोव्हेंबर महिना आला की इन्स्टाग्रामवर एका ठरावीक प्रकारचे रील्स फिरायला लागतात. भडक नारिंगी जॅकेट घातलेला माणूस, मागे पानगळ झालेलं जंगल, हातात रायफल आणि समोर पडलेलं हरीण. खाली कमेंट्समध्ये आपल्याकडचं कुणीतरी हमखास विचारतं, "हे लीगल आहे का?" आणि त्याच्याच खाली दुसरा विचारतो, "भावा, हे शिकायचं कुठे?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. अमेरिकेत लायसन्स काढून, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या संख्येत केलेली शिकार कायदेशीर आहे. भारतात ती गुन्हा आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा मोठं आहे. अमेरिकेत शिकारीचा कोर्स घरबसल्या करता येतो, लायसन्स मोबाईलवर निघतं, पण तेवढ्याने शिकार येत नाही. ती माणसाकडूनच शिकावी लागते. आणि तो माणूस चुकीचा निघाला, तर किंमत मोजतं ते अर्धवट गोळी लागलेलं जनावर, शेजारून जाणारा एखादा माणूस, नाहीतर तुम्ही स्वतः. म्हणूनच तिथे "चांगला मेंटॉर कसा शोधायचा?" हा प्रश्न बंदूक कोणती घ्यायची याच्या आधी विचारला जातो.

आधी आपल्याकडचा कायदा

गैरसमज नको म्हणून हे सुरुवातीलाच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ नुसार संरक्षित वन्यप्राण्यांची शिकार करायला बंदी आहे. वाघ-बिबट्या तर सोडाच. ससा, तितर, घोरपड, रानडुक्कर हेसुद्धा याच कायद्याखाली येतात. कायद्यातली शिकारीची व्याख्याही मोठी आहे. मारणं, पकडणं, फास लावणं, विष घालणं, आमिष दाखवणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न करणं, सगळं शिकारीतच मोजलं जातं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली तर किमान ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं तुरुंगवास होऊ शकतो.

माणसाच्या जिवावर उठलेल्या किंवा पिकांची नासाडी करणाऱ्या प्राण्यांबाबत ठरावीक परिस्थितीत सरकारी परवानगी मिळते, पण ती हौसेसाठी नसते. त्यामुळे "चल, तुला गावाकडच्या रानात शिकार शिकवतो" असं कुणी म्हणालं, तर तो तुम्हाला गुन्ह्यात भागीदार करतोय, एवढं लक्षात ठेवा.

आता येऊ अमेरिकेवर.

गुरूची गरज पडायला लागली, कारण घरातली साखळी तुटली

पूर्वी अमेरिकेच्या खेड्यांत शिकार शिकायला कुणाकडे जावं लागायचं नाही. आजोबा वडिलांना शिकवायचे, वडील मुलाला. दहा-बारा वर्षांचं पोर थंडीत कुडकुडत वडिलांच्या शेजारी बसायचं आणि दोन-तीन हंगाम नुसतं बघण्यात घालवायचं. पुढे लोक शहरात गेले, शेतं विकली गेली आणि ही साखळी तुटली. २०१६ च्या राष्ट्रीय पाहणीत शिकार करणाऱ्यांची संख्या साधारण १ कोटी १५ लाख होती. म्हणजे अमेरिकेतही बहुतांश लोक शिकार करत नाहीत.

सरकारला याची काळजी का वाटते? कारण तिथलं वन्यजीव संवर्धन बऱ्याच अंशी शिकाऱ्यांच्या पैशावर चालतं. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवर १० ते ११ टक्के केंद्रीय कर लागतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव विभागांना जातो. त्यात लायसन्स फीची भर पडते. शिकारी कमी झाले की निधीही घटतो. म्हणून गेल्या वीसेक वर्षांत राज्यांनी आणि संस्थांनी नवीन माणसांना शिकवण्याच्या योजना काढल्या. त्यांचा भर मुख्यतः अशा लोकांवर आहे ज्यांच्या घरात कुणीच कधी शिकार केलेली नाही.

कोर्समध्ये काय शिकवतात आणि काय राहून जातं?

न्यूयॉर्क राज्याने १९४९ मध्ये नवख्या शिकाऱ्यांसाठी सुरक्षेचा कोर्स सक्तीचा केला. आज जवळपास सगळीकडे असा नियम आहे, फक्त जन्मतारखेची अट वेगवेगळी आहे. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हा कोर्स लागतो, तर कोलोरॅडोमध्ये १ जानेवारी १९४९ पासून पुढे जन्मलेल्यांना.

कोर्सचा गाभा बंदूक हाताळण्याचे चार नियम आहेत:

- प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं.
- नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला ठेवायचं.
- गोळी झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही.
- समोर नेमकं काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, याची खात्री झाल्याशिवाय गोळी झाडायची नाही.

याशिवाय नारिंगी कपड्यांचे नियम, प्राण्यांची ओळख आणि कायद्याची तोंडओळख होते. हे सगळं गरजेचं आहेच. पण वारा कुठून वाहतोय आणि तुमचा वास हरणापर्यंत पोहोचतोय का, हे स्क्रीनवर कळत नाही. कडाक्याच्या थंडीत तीन तास न हलता कसं बसायचं, हे व्हिडिओ बघून जमत नाही. आणि पहिल्यांदा हरीण समोर आल्यावर हात थरथरतात, छाती धडधडते, तेव्हा "आत्ता नको, थांब" असं हळूच सांगणारा माणूस कुठल्याही ॲपमध्ये नसतो.

आधी सोबत जा, कोर्स नंतर करा

"आपल्याला हे झेपेल की नाही तेच माहीत नाही, मग आधीच कोर्स कशाला?" असं वाटणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या ४० पेक्षा जास्त राज्यांनी मधला मार्ग काढलाय. याला सोयीसाठी 'शिकाऊ लायसन्स' म्हणू. कोर्स न करताही लायसन्स मिळतं, अट एकच: सोबत अनुभवी शिकारी हवा.

टेक्सासमध्ये १७ वर्षांवरील व्यक्तीला १० डॉलर भरून कोर्स पुढे ढकलता येतो, पण आयुष्यात एकदाच. सोबतचा माणूस लायसन्सधारक असावा लागतो आणि साध्या आवाजात बोललेलं ऐकू जाईल इतक्या अंतरावर असावा लागतो. विस्कॉन्सिनमध्ये नियम आणखी कडक आहे. तिथे मेंटॉर हात लांब केला की शिकाऊ माणसाला पोहोचेल इतका जवळ हवा.

थोडक्यात, काही ठिकाणी गुरू सोबत असणं ही कायद्याचीच अट आहे. त्याने लांब बसून फोनवर मार्गदर्शन केलेलं चालत नाही.

असा माणूस सापडतो कुठे?

राज्याचा वन्यजीव विभाग: सुरुवात इथूनच करावी. अनेक राज्यं नवख्यांसाठी 'शिकारीची ओळख' करून देणारे कार्यक्रम घेतात. एक दिवस वर्ग, एक दिवस नेमबाजी आणि मग मेंटॉरसोबत प्रत्यक्ष जंगलात, असा क्रम असतो. कोर्स शिकवणारे बरेच जण स्वयंसेवक असतात, त्यांच्याशी नंतर बोलता येतं.

संस्था: २०१६ मध्ये जॉर्जियातल्या अथेन्स शहरात हरणांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने चक्क शेतकरी बाजारात स्टॉल लावला. लोकांना हरणाच्या मांसाची चव दिली आणि विचारलं, "हे स्वतः मिळवायला शिकायचंय?" त्यातूनच 'फील्ड टू फोर्क' हा कार्यक्रम उभा राहिला. ताजं, चांगलं अन्न हवं असणारे शहरी लोक हा त्यांचा मुख्य वर्ग.

महिलांसाठी: विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या स्टीव्हन्स पॉइंट कॅम्पसमधून १९९१ मध्ये 'बिकमिंग ॲन आउटडोअर्स-वुमन' हा कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो अनेक राज्यांत पोहोचला. अनोळखी पुरुषासोबत एकटीने जंगलात जाण्यापेक्षा गटात शिकणं कितीतरी सुरक्षित वाटतं आणि तिथल्या ओळखीतून पुढे मेंटॉरही मिळतो.

नेमबाजीची रेंज, तिरंदाजी क्लब आणि ऑफिस: रेंजवर दोन महिने नियमित गेलात की कोण काळजीपूर्वक वागतं आणि कोण शायनिंग मारतं, हे आपोआप दिसतं. ऑफिसातल्या लंच टेबलवरही विचारून बघा. नोव्हेंबरमध्ये आठवडाभर सुट्टी टाकणारा सहकारी बहुतेक शिकारीच असतो.

एक फरक लक्षात ठेवा. पैसे घेऊन शिकार घडवून आणणारे व्यावसायिक गाइड वेगळे आणि मेंटॉर वेगळा. गाइडला पैसे दिलेत की त्याचं लक्ष तुम्हाला जनावर मिळवून देण्यावर असतं. पुढच्या वर्षी तुम्ही एकटे, नीट जाऊ शकाल यासाठी जो वेळ घालवतो तो मेंटॉर.

चांगला गुरू ओळखायचा कसा?

घरातल्या भिंतीवर किती शिंगं लटकवलीत, यावरून गुरूची पारख होत नाही. त्याने किती वेळा गोळी झाडली नाही आणि का झाडली नाही, हे विचारा. कारण शिकारीतला सगळ्यात अवघड निर्णय न मारण्याचा असतो. तिथे पंच नाही, प्रेक्षक नाहीत. आपली चूक बघायला कुणी नसतं.

पहिल्या भेटीत हे प्रश्न विचारायला लाजू नका:

१. "तुमच्या हातून जखमी होऊन निसटलेल्या जनावराबद्दल सांगाल?" वर्षानुवर्षं शिकार करणाऱ्याच्या हातून असं कधीतरी घडलेलं असतं. तो ते अपराधी मनाने सांगतोय, की हसण्यावारी नेतोय, की "माझा नेम कधीच चुकत नाही" म्हणतोय? तिसरं उत्तर सगळ्यात धोक्याचं.

२. "गोळी लागल्यावर पुढे काय करायचं?" चांगला गुरू इथे खुलतो. तो सांगेल की हरीण बहुतेक वेळा जागेवर पडत नाही, पळतं. लगेच मागे धावायचं नाही. फेसाळ, गुलाबीसर लाल रक्त असेल तर गोळी फुप्फुसात लागलीय, तरीही अर्धा तास थांबायचं. रक्त गडद असेल तर ती बहुतेक यकृतात. रक्तात हिरवट घाण दिसली तर पोटात, आणि अशा वेळी सहा-आठ तास किंवा त्याहून जास्त थांबावं लागतं. घाई केली तर जनावर उठून लांब जातं आणि सापडतच नाही. हे ज्याला नीट सांगता येत नाही, त्याने मागच काढलेला नाही असं समजा.

३. "ही जमीन कुणाची आहे?" गुरूकडे जमीनमालकाची स्पष्ट परवानगी हवी, शक्यतो लेखी. टेक्सासमध्ये झाडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाचा पट्टा असेल तर त्याचा अर्थ 'आत येऊ नका' असाच होतो, बोर्ड लावलेला नसला तरी. असे बारकावे त्याला तोंडपाठ हवेत.

४. "झाडावरच्या मचाणावर बसताना पट्टा लावता का?" अमेरिकन शिकारीत मचाणावरून पडणं हे अपघातांच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. पूर्ण अंगाला बसणारा सुरक्षा पट्टा न वापरणारा माणूस बाकी कितीही हुशार असो, त्याच्यासोबत वर चढू नका.

५. "मांसाचं काय करता?" हरीण पडल्यावर खरं काम सुरू होतं. टॅग लावणं, पोट उघडून आतडी काढणं, मांस लवकर थंड करणं, ओढत गाडीपर्यंत आणणं, तुकडे करणं. मांस वाया घालवणं अनेक राज्यांत गुन्हा आहे. शिंगांचा फोटो काढून बाकीचं टाकून देणाऱ्याकडून काय शिकणार?

अशांपासून लांबच राहा

- बंदूक हातात देण्याआधी ती रिकामी आहे का हे तपासत नाही, किंवा नळी कुठेही फिरवतो.
- "एवढं कोण बघतंय?" म्हणतो. कायदेशीर वेळ संपल्यावर गोळी झाडतो किंवा दुसऱ्याच्या टॅगवर हरीण मारतो. बऱ्याच राज्यांत हरणांसाठी ही वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास असते.
- शिकारीच्या आधी किंवा मध्येच बिअर उघडतो.
- तुम्ही "मला खात्री नाही" म्हणाल्यावर "मार रे, घाबरतोस काय?" म्हणून डिवचतो.
- तुमच्या पहिल्या हरणापेक्षा त्याला त्याच्या रीलची जास्त काळजी असते.

यातली एक गोष्ट जरी दिसली, तरी "आज जरा काम आठवलं" म्हणून परत या. वाईट वाटेल, पण चालेल.

कौशल्य असलं म्हणजे सगळं आलं, असं नाही. याचं जुनं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. जिम कॉर्बेट काळाढुंगीच्या जंगलात लहानाचा मोठा झाला. त्याला जंगलाचे धडे देणाऱ्यांमध्ये कुंवर सिंग नावाचा गावचा मुखिया होता. 'माय इंडिया' या १९५२ च्या पुस्तकात कॉर्बेटने त्याच्याबद्दल आपुलकीने लिहिलंय आणि तो त्या भागातला अव्वल चोरटा शिकारी होता हेही लपवलेलं नाही. जंगल वाचायला असा माणूस उत्तम शिकवेल. पण आज तुमच्या नावावर लायसन्स आहे, चूक झाली तर ते जाऊ शकतं. त्यामुळे गुरूकडे जंगलाची जाण आणि नियमांची चाड, दोन्ही हवं.

शिकणाऱ्याचंही काही देणं लागतं

मेंटॉर बहुतेक वेळा फुकट शिकवतो. त्याला हंगामातले मोजके दिवस मिळतात आणि त्यातला एक तो तुमच्यासाठी खर्च करतो. म्हणून:

- "मला हरीण मारायचंय" असं म्हणून जाऊ नका. "एक दिवस नुसतं सोबत बसू का?" असं विचारा. होकार मिळण्याची शक्यता खूप वाढते.
- हंगाम नसताना मदतीला जा. मचाणं दुरुस्त करणं, वाटा साफ करणं, पायाचे ठसे आणि खाण्याच्या जागा शोधणं ही कामं उन्हाळ्यातच असतात. निम्मं शिक्षण तिथेच होतं.
- त्याने दाखवलेली जागा गुप्त ठेवा. लोकेशन टॅग करून पोस्ट टाकलीत तर पुढचं आमंत्रण विसरा.
- पहाटे चारला बोलावलं तर पावणेचारला हजर राहा. पेट्रोलचे पैसे द्या.
- सुरुवात ससा किंवा खारीसारख्या लहान शिकारीने किंवा टर्कीसारख्या पक्ष्याने करायला तो सुचवेल. कंटाळा करू नका.
- पहिला हंगाम रिकाम्या हाताने गेला तरी तो वाया गेलेला नसतो.

आणि हो, ऐन वेळी "मला नाही मारायचं" असं वाटलं तर तसं सांगा. चांगला गुरू त्यावर एक शब्द बोलणार नाही.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी हे नक्की वाचा

एच-वन-बी किंवा एफ-वनसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर बंदूक किंवा काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्याने सरसकट मनाई आहे. याला जे मोजके अपवाद आहेत, त्यात एक म्हणजे कुठल्याही राज्याचं वैध शिकार लायसन्स. म्हणजे क्रम महत्त्वाचा आहे. आधी लायसन्स, मग बंदुकीला हात. मित्राने "धर, एकदा मारून बघ" म्हणून त्याची रायफल पुढे केली तरी हाच नियम आठवा, कारण दुसऱ्याची बंदूक थोडा वेळ हाताळणंही अडचणीचं ठरू शकतं. वर राज्यांचे नियम वेगळे असतात. व्हिसा पणाला लावण्याआधी वकिलाला विचारलेलं बरं. धनुष्यबाण या केंद्रीय व्याख्येत बंदूक ठरत नाही, त्यामुळे धनुष्याने सुरुवात करणं हाही एक पर्याय आहे.

जर्मनीत मात्र उलटी गंमत आहे

तिथे लायसन्सआधी लेखी परीक्षा, नेमबाजी आणि तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा असते. अभ्यास इतका असतो की लोक तिला गमतीने 'हिरवी बारावी' या अर्थाच्या नावाने ओळखतात. पण पास झालात तरी शिकार कुठे करणार? शिकारीचं क्षेत्र भाड्याने घ्यायचं तर आधी तीन वर्षं लायसन्स असावं लागतं. तोपर्यंत कुणीतरी आपल्या क्षेत्रात बोलावण्याची वाट बघायची. म्हणजे एवढी अवघड परीक्षा देऊनही शेवटी अनुभवी माणसाचा हात धरावाच लागतो.

मग महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी काय करायचं?

शिकारीतला जीव घेण्याचा भाग सोडला, तर उरलेलं सगळं इथेही शिकता येतं. माग काढणं, ठसे वाचणं, वाऱ्याची दिशा ओळखणं, तासन्‌तास शांत बसणं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबा, मेळघाटसारख्या जंगलांत वनविभागाच्या 'निसर्ग अनुभव' उपक्रमात मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजता येतात. सोबत असलेला वनरक्षक किंवा स्थानिक गाइड हाच तिथला गुरू.

हे ज्ञान ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं, त्यांचं काय झालं हेही विसरू नये. पारध म्हणजे शिकार, आणि त्यावरूनच पारधी समाजाचं नाव पडलं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याखाली अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यात पारधीही भरडले गेले. १९५२ मध्ये हा शिक्का कायद्याने पुसला, लोकांच्या मनातून अजून पुरता पुसलेला नाही. मारुती चितमपल्लींसारखा अरण्यवाचक घडला तो नोकरीतल्या अनुभवाबरोबरच जंगलातल्या अशा माणसांजवळ बसून, त्यांचं ऐकूनच.

थोडक्यात काय?

शिकार शिकवणारे व्हिडिओ हजारो आहेत आणि सगळे गोळी लागण्याच्या क्षणावर संपतात. खरा गुरू त्या क्षणाच्या आधीचं थांबणं आणि नंतरची जबाबदारी शिकवतो. म्हणून कुणाच्या मागे जंगलात जायचं हे ठरवताना त्याला एवढंच विचारा, "शेवटचं हरीण तुम्ही कधी सोडून दिलं होतं आणि का?"

उत्तर ऐकलंत की कळेल, याच्यासोबत जायचं की नाही.